कीडा पानासकट: आंबोली ते तांबडी सुर्ला

दिवस पहिला

संकेश्वरला हायवे सोडून गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीत पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. आजऱ्यापर्यंत डोळे दिपवणारं ऊन होतं आणि आंबोलीच्या वेशीवर गाडीच्या काचा धुक्याने भरल्या. पंचांगातला पावसाळा सरला तरी इथला एवढ्यात सरत नाही. सुमारे ६९० मीटर उंची, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि अंजनी, जांभूळ, पिसा यांचं दाट सदाहरित रान. रंगीत किड्यांसाठी महाराष्ट्रात याहून चांगली जागा मला माहीत नाही. त्यातही हे दिवस सोन्यासारखे. पावसावर पोसलेल्या अळ्यांना पंख फुटलेले असतात, पानं अजून रसरशीत असतात आणि मधूनच उन्हाची तिरीप मिळते.

तारीख मुद्दाम सर्वपित्री अमावस्येची धरली होती. घरचं पान थोरल्या भावाने वाढलं आणि मी भाच्याला घेऊन निघालो. पांढऱ्या पडद्यावर पतंग बोलवायचे तर चांदणं नको. रात्र जितकी काळी तितके ते दिव्याकडे जास्त येतात. आम्ही उतरलो त्या घरच्या काकींना हा बेत काही पसंत पडला नाही. "आज आवस. रातीचे रानात जाव नकात," त्या म्हणाल्या. रानात जायचं नव्हतंच. त्यांच्याच मागच्या अंगणात फणस आणि पेरूच्या मधे दोरी बांधली, जुनी चादर ताणली आणि १६० वॅटचा मर्क्युरी दिवा लावला. काकींनी खिरीच्या वाट्या आणून दिल्या आणि मग त्याही पायरीवर बसल्या.

आधी बारीकसारीक मंडळी आली: तुडतुडे, पंखवाल्या मुंग्या, नखाएवढे पतंग. नऊच्या सुमाराला कण्हेरीचा हॉकमॉथ हा मोठा पतंग आला. हिरव्याच्या चार-पाच छटा, त्यांतून गेलेले गुलाबी-पांढरे नागमोडी पट्टे, आणि अंग असं की मखमलीच्या तुकड्यावरून बोट फिरवावंसं वाटावं. याची अळी कण्हेर, तगर, सातवीण यांच्या पानांवर वाढते, असं मी काकींना सांगितलं. त्यांच्या दारात तगरीचं मोठं झाड होतं. "म्हणजे हो आमच्याच घरचो," त्या म्हणाल्या, आणि उठून जवळ येऊन त्याला नीट बघून गेल्या.

दहा चाळीसला मून मॉथ उतरला. फिका पोपटी रंग, पुढच्या पंखांची वरची कड डाळिंबी, मागच्या पंखांना बोटभर लांब पिळदार शेपट्या. या शेपट्या नुसता दागिना नाहीत. याच कुळातल्या अमेरिकेतल्या लूना मॉथवरचे प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाले. उडताना गरगरणाऱ्या शेपट्यांमुळे वटवाघळाचा नेम चुकतो, झडप शेपटीवर पडते आणि पतंग निसटतो, असं त्यांत दिसलं. मोठ्या झालेल्या मून मॉथला खायला तोंडच नसतं. अळीपणी शेमटीसारख्या झाडांची पानं खाऊन जी शिदोरी बांधली, तिच्यावर आठवडाभर काढायचा, त्यातच जोडीदार शोधायचा, अंडी घालायची.

भाच्याने लगेच कॅमेरा उचलला. मी म्हटलं, थांब. चादरीवरच्या पतंगाचा फोटो पासपोर्टच्या फोटोसारखा येतो; ओळख पटते, बाकी काही कळत नाही. पाऊण तास नुसते बसून राहिलो. मग तो आपणहून चादर सोडून पेरूच्या फांदीला लटकला, ओल्या पानांमधे पंख सैल सोडून, आणि तेव्हा पाच फ्रेम घेतल्या. बाराला दिवा बंद केला. रात्रभर जळत ठेवला तर पतंग उजाडेपर्यंत चादरीला चिकटून राहतात आणि पहाटे बुलबुल, कोतवाल येऊन पडदा साफ करतात. आपल्या हौसेपायी हे होऊ द्यायचं नाही.

दिवस दुसरा

सकाळी हिरण्यकेशीच्या वाटेला लागलो. नदीच्या उगमाशी, देवळापुढच्या कुंडात सापडलेल्या माशाचं २०२० साली शिस्टुरा हिरण्यकेशी असं बारसं झालं आणि पुढच्याच वर्षी त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. बोटाएवढ्या माशापायी एक जागा राखली गेली, याचा मला फार आनंद आहे. एखाद्या टाचणीपायी, म्हणजे चतुरासारख्या दिसणाऱ्या बारीक किड्यापायी, किंवा भुंगेऱ्यापायी अशी जागा राखली जावी असं मनापासून वाटतं.

वाटेच्या कडेला भूतकेस फुललेलं होतं. त्याची पांढरी पानं, खरं तर तोही फुलाचाच भाग, दुरून झुडपात कागद अडकल्यासारखी दिसतात आणि खरं नारिंगी फूल अगदी चिमुकलं असतं. त्यावर दक्षिणी बर्डविंग आलं. काळेभोर पुढचे पंख, मागचे हळदीसारखे पिवळे. याच्या मादीच्या पंखांचा विस्तार १९० मिलिमीटर नोंदलेला आहे. २०२० पर्यंत भारतातलं सर्वांत मोठं फुलपाखरू हेच मानलं जायचं. मग उत्तराखंडातल्या १९४ मिलिमीटरच्या गोल्डन बर्डविंगने त्याला मागे टाकलं. त्याच झुडपावर नीलवंतही होतं, आपलं २०१५ पासूनचं राज्य फुलपाखरू. दोघांची खोड एकच: मध पितानाही पुढचे पंख फडफडत ठेवायचे. इथे फ्लॅशचं काम नाही. शटर एक भागिले सोळाशे सेकंद, फोकस डोळ्यावर, आणि जे मिळेल ते आपलं. भाच्याला नीलवंताची एक फ्रेम सुरेख मिळाली. मला बर्डविंगची पाठच मिळाली.

दुपारी चौकुळच्या बाजूला गेलो. सड्यावर तेरडा सगळीकडे पसरला होता, पण मला हवं होतं ते सापडलं एका घराच्या परसात, रताळ्याच्या वेलावर. पानांना गोल गोल भोकं पडलेली होती. अशी भोकं दिसली की मी पान उलटून बघत नाही. पान उलटलं की खालचा गडी टपकन खाली पडतो आणि दिवस फुकट जातो. गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून खालून बघायचं. चौथ्या पानाखाली तो होता.

कासव-भुंगेरा. करंगळीच्या नखाएवढा. पाठीवर घुमटासारखी ढाल आणि त्या ढालीच्या कडेने सगळीकडून काचेसारखी पारदर्शक झालर. तिच्यातून पानाच्या शिरासुद्धा दिसत होत्या. पाय आणि डोकं झालरीखाली झाकलेलं, पुढून फक्त दोन बारीक मिशा बाहेर. आणि मधली ढाल सोन्याची. सोनेरी रंगाची असं मी म्हणत नाही. सराफाच्या दुकानात नव्या वळ्यावर जो ओला उजेड दिसतो ना, तस्सा.

या सोन्यापाशी मला दर वेळी एक जुनी गोष्ट आठवते आणि ती मी त्या परसात भाच्याला पहिल्यांदा सांगितली. कॅमेरा नवा घेतला त्या वर्षी कोयनेच्या बाजूला असाच एक मिळाला होता. वाऱ्याने पान हलत होतं, फोकस लागत नव्हता, म्हणून प्लास्टिकच्या डबीत घालून घरी आणला. टेबलावर पांढरा कागद अंथरून निवांत फोटो काढू म्हटलं. सकाळी डबी उघडली तर तो मेलेला होता, आणि सोनं नव्हतं. वाळक्या चिंचोक्यासारखा तपकिरी किडा होता. याचं सोनं रंगद्रव्याचं नसतं. ढालीच्या कवचात पातळ थर असतात, त्यांत ओलावा असतो, आणि उजेड त्या थरांवरून परतताना सोनं दिसतं. जीव गेला, ओलावा वाळला की सोनं उडून जातं. संग्रहालयात टाचणीला टोचलेले नमुने म्हणूनच तपकिरी दिसतात. ती डबी मी बरीच वर्षं टाकली नव्हती.

तेव्हापासून माझं ठरलं: कीडा पानासकट. जिथे बसलाय तिथेच, ज्या झाडावर वाढलाय त्या झाडावरच. काही लोक किडा थोडा वेळ फ्रीजमधे ठेवून गारठवतात म्हणजे तो हलत नाही, आणि मग सुंदर फुलावर नेऊन बसवतात. अशा फोटोंना बक्षिसं मिळालेली मी पाहिली आहेत. रताळ्यावरचा भुंगेरा गुलाबावर बसलेला पाहिला की मला वाईट वाटतं, कारण तो फोटो खोटं सांगतो. पान हे किड्याचं घर आणि ताट दोन्ही आहे. ते फोटोत नसेल तर पुढे तो फोटो बघून कुणाला त्या किड्यापर्यंत पोचताच येणार नाही.

फोटोला तासभर लागला. लाइफसाइज, म्हणजे किड्याच्या खऱ्या मापाच्या फोटोत लेन्सचं भोक बारीक करून एफ ११ ठेवलं तरी जेमतेम मिलिमीटरभर पट्टाच फोकसमधे येतो. मिशांवर फोकस धरला तर ढाल धूसर. शिवाय सोन्यावर फ्लॅश थेट पडला की पांढरा डाग उमटतो. पॅकिंगच्या पांढऱ्या फोमचे दोन थर लावून मी उजेड मऊ करणारा डिफ्यूझर घरीच केलाय. तो फ्लॅशपुढे धरला, तेव्हा उजेड ढालीवर सायीसारखा पसरला. भाचा वेलाच्या देठाला वाऱ्यापासून आडोसा करून बसला होता. त्यालाच बाजूच्या पानावर अळी दिसली. ही अळी स्वतःची टाकलेली कात आणि विष्ठा शेपटीच्या काट्यावर गोळा करते आणि छत्रीसारखी पाठीवर धरून फिरते. "मामा, हिच्यातून ते सोनं होतं?" त्याने विचारलं आणि मग पुढचा अर्धा तास तो अळीचेच फोटो काढत होता. घरच्या आज्जी चहा घेऊन आल्या, पानांची भोकं दाखवली तर म्हणाल्या, खाऊ दे, रताळी जमिनीत आहेत.

दिवस तिसरा

घटस्थापना आदल्या दिवशीच झाली होती. सकाळी काकींनी घटाशेजारी दुसरी माळ लावली, आम्हाला घावणे वाढले. बाहेर मुसळधार. घाट उतरून सावंतवाडी, तिथून दोडामार्ग. वाटेत काहीच मिळालं नाही. धबधब्यांपाशी गाड्यांची गर्दी मात्र होती.

दुपारी उघडलं. दोडामार्गच्या पुढे एका काजूच्या बागेत मालकांना विचारून शिरलो. काय शोधताय म्हणाले. म्हटलं, पाठीवर माणसाचं तोंड असलेला ढेकूण. ते हसले नाहीत. सरळ तिसऱ्या ओळीतल्या कलमाकडे घेऊन गेले. पानाखाली एकाला एक चिकटून वीस-पंचवीस बसलेले. बोटाच्या पेराएवढे, केशरी ते लालभडक, मधे पिवळेही. पंखांवर दोन काळे ठिपके, ते डोळे. किडा डोकं खाली करून बसला की बरोबर चेहरा दिसतो, वर केसांचा झुपका बांधल्यासारखा. भाच्याने एक वाकून बघितला आणि त्याला हात लावायचा मोह झाला. मी अडवायच्या आत वास आलाच. तो भडक रंग हेच सांगत असतो: मी वाईट लागतो, नाद सोडा. म्हणूनच ते लपत नाहीत.

"हो ढेकण्याच मां?" मालकांनी विचारलं. हा प्रश्न महत्त्वाचा होता. कोकणात काजूचा मोठा शत्रू म्हणजे ढेकण्या, कोवळ्या पालवीचा आणि मोहोराचा रस शोषून तो त्या करपवून टाकतो. त्याच्यासाठी फवारणी होते. तो अंगाने बारीक, लांब पायांचा, डासासारखा दिसतो. हा केशरी गडी वेगळा. रस हाही शोषतो, पण करपलेल्या शेंड्यांचा आळ याच्यावर घालून चालणार नाही. मी फोनवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी दाखवले. त्यांनी ते स्वतःच्या फोनवर मागून घेतले. या प्रवासात माझ्या फोटोंचा एवढा नेमका उपयोग दुसरा कुठलाच झाला नाही.

बागेचं कुंपण मोगली एरंडाचं होतं आणि त्यावर ज्वेल बग. पाहणारा याला भुंगेराच म्हणेल, पण हाही ढेकणांच्याच गोतातला. सोंडेने रस पितो, आणि भुंगेऱ्यासारखी मधे चिरलेली पाठ याला नसते. एकच अखंड ढाल सगळी पाठ झाकते, पंख तिच्याखाली. मोरपिशी हिरवा, त्यावर काळे ठिपके. मी अर्धं पाऊल सरकलो की निळा, आणखी वाकलो की जांभळट. हाही थरांचाच खेळ. फ्लॅशने इथे दगा दिला, डिफ्यूझर लावूनही पाठीवर पांढरे चट्टे. शेवटी फ्लॅश काढूनच ठेवला. आभाळ भरलेलं होतं, आणि ढगांएवढा मोठा डिफ्यूझर कुठे मिळणार! लेन्सखाली तांदळाची पुरचुंडी ठेवून, आयएसओ ८०० वर, श्वास रोखून एक भागिले साठचे फोटो घेतले. तीस घेतले, दोन धारदार आले. त्यातल्या एकात किड्याच्या पाठीवर वरचं आभाळ आणि आमच्या दोघांच्या सावल्या उमटल्या आहेत.

दिवस चौथा

साखळी, वाळपई करत तांबडी सुर्लाला. कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, काळ्या दगडाचं, मागे सह्याद्रीची भिंत. हे भगवान महावीर अभयारण्याचं क्षेत्र आहे. देवळापलीकडच्या रानात परवानगीवाचून शिरायचं नाही, म्हणून आम्ही शेजारून वाहणाऱ्या नदीचा काठ धरला.

दुपारी ओल्या वाळूवर ब्लूबॉटल फुलपाखरं जमली होती, तीसेक तरी. काळ्या पंखांवर फिरोजी पट्टा. पंख मिटून, सोंड वाळूत खुपसून ती क्षार शोषतात. बहुतेक सगळे नर. हे क्षार मीलनाच्या वेळी मादीला मिळतात आणि अंड्यांच्या कामी येतात. पोटावर झोपून, कोपरांवर सरकत दोन हातांवर पोचलो. तेवढ्यात सहलीची मुलं आली, त्यांनी पाण्यात उड्या घेतल्या, सगळा फिरोजी रंग एकदम हवेत उडाला. एक मुलगी तेवढी काठावर थांबून वर बघत राहिली. फोटो गेला, पण त्या मुलीला मी वाळूवरची ती जागा दाखवली आणि सांगितलं, गप्प बसलीस तर परत येतील. वीस मिनिटांत फुलपाखरं आली. ती गप्प बसली होती.

चारच्या सुमाराला उंच झाडांच्या शेंड्यांतून मलबार ट्री निम्फ खाली तरंगत आलं. फक्त सह्याद्रीच्या रांगेत सापडणारं, तळहाताहून मोठं, पांढरट पंखांवर काळे ठिपके आणि शिरा. त्याला रंगीत म्हणता येणार नाही, पण त्याच्या उडण्यासमोर बाकीचे रंग विसरायला होतात. पंख जवळजवळ न हलवता ते हवेतून घसरत येतं, थांबतं, पुन्हा वर उचललं जातं. कॅमेरा मी उचलला नाही. मान दुखेपर्यंत बघत बसलो.

देवळाजवळ फुलं विकणाऱ्या आजोबांना विचारलं, हिरव्या पंखांची टाचणी पाण्यावर दिसते का. "सकाळीं बेगीन येयात," ते म्हणाले, आणि देवळाच्या खालच्या अंगाचा, जिथे पाणी दगडांवरून खळाळतं, तो भाग हाताने दाखवला.

दिवस पाचवा

पावणेसातला काठावर होतो. ऊन पाण्यापर्यंत यायला साडेआठ झाले. तोवर फक्त स्ट्रीम रुबी नावाची टाचणी दिसली, इवलीशी, काळी, पाठीवर गुलाबी त्रिकोण. पंखांच्या टोकाला काळ्या काचेच्या खिडक्या आणि त्यांत तांब्याची झाक. नर आपल्या दगडावर दुसऱ्याला बसू देत नव्हता.

मग स्ट्रीम ग्लोरी आली. हिची गंमत अशी की बसलेली दिसली तर तुम्ही पुढे निघून जाल. पंख मिटलेले असतात, काळपट तांबूस, अंग तेवढं हिरवं चमकणारं. सगळी दौलत मागच्या पंखांच्या वरच्या बाजूला, आणि ती नर फक्त दुसऱ्या नराला हटवायला किंवा मादीला भुलवायला क्षणभर उघडतो. उघडला की पाचूचा लखलखाट, मिटला की काही नाही. म्हणजे नुसती टाचणी सापडून चालत नाही, तिला काही सांगायचं असावं लागतं.

आम्ही दोघं घोट्याएवढ्या पाण्यात दगडांवर बसलो. पाय बधिर झाले. नर एका वाहत्या गवताच्या पात्यावर ठाण मांडून होता. पाण्याखालून दगडांचा उजेड त्याच्या पोटावर हलत होता. पहिल्यांदा पंख उघडले तेव्हा भाचा लेन्स पुसत होता. दुसऱ्यांदा मी उजव्या बाजूला होतो आणि उजेड डावीकडून आला. काळी सावली तेवढी मिळाली. मग पांढऱ्या ठिपक्यांच्या तपकिरी पंखांची मादी पात्याच्या वर आली, त्याने पाते सोडलं आणि तो तिच्यापुढे तरंगत राहिला, मागचे पंख उघडे. पाण्यावर हिरवा डाग थरथरत होता. शटरचा आवाज मला माझ्याकडून आला की भाच्याकडून, कळलं नाही.

त्याच्याकडून आला होता. फ्रेममधे नर आहे, मादीचा एक पंख आहे, गवताचं पातं आहे आणि खालचं पाणी आहे. नर किंचित हललाय. मी त्याला तो कापू दिला नाही, रंग वाढवू दिले नाहीत.

नऊ वीसला ऊन पलीकडच्या खडकावर सरकलं आणि टाचणीही तिकडे गेली. मधलं पाणी कमरेएवढं होतं. आम्ही कॅमेरे पुसले, पिशव्यांत ठेवले आणि थोडा वेळ तिथेच बसून राहिलो. पलीकडे अधूनमधून हिरवं चमकत होतं.